शब्दांचे कूळ सांगणारा फ्रेंचचा वर्ग

राजारामपुरीत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी भरणाऱ्या फ्रेंचच्या प्राथमिक वर्गाला मी गेले तीन महिने जात आहे. तिथल्या मॅडम आधी शब्दाचे कूळ सांगतात आणि मगच तो पाठ करायला लावतात, ही या वर्गाची खरी ओळख.

याचा पहिला प्रत्यय वारांच्या तासाला आला. मार्दी म्हणजे मंगळवार, तो लॅटिनमधला ‘मार्सचा दिवस’. मेर्क्रदी बुधाचा, वाँद्रदी शुक्राचा. हा क्रम आपल्याच पंचांगातला निघाल्यामुळे निम्मे पाठांतर तिथेच उरकले. शनिवार-रविवार तेवढे वेगळे, कारण साम्दीमागे ज्यूंचा सब्बाथ आहे आणि दिमाँशमागे ख्रिस्ती ‘प्रभूचा दिवस’. ऐंशीला फ्रान्समध्ये ‘चार वीस’ म्हणतात हे ऐकून वर्गात हशा पिकला. मला मात्र शेण्या मोजताना ‘चार विसा’ म्हणणारी आमची आजी आठवली.

आडनावांचा तास सर्वांत रंगला. लफेव्र म्हणजे लोहार, शार्पाँत्ये म्हणजे सुतार, असे फळ्यावर येताच मागच्या बाकावरच्या लोहार आडनावाच्या मुलाने वहीवरचे आपले नाव खोडून तिथे लफेव्र लिहिले. या आडनावाच्या एका लेखनात न उच्चारला जाणारा ‘ब’ आहे. मूळचा लॅटिन ‘फाबेर’ दिसावा म्हणून जुन्या लेखनिकांनी तो मागाहून घुसडला. राजा पहिला फ्रान्स्वा याने १५३९ मध्ये व्हिलेर-कोत्रे येथे काढलेल्या हुकुमाने चर्चमध्ये बाप्तिस्म्यांची नोंदवही सक्तीची झाली आणि आडनावे स्थिरावण्यास मदत झाली, हेही त्याच ओघात समजले.

तक्रार एकच, पण लहान नाही. क्र्वासाँ म्हणजे चंद्रकोर, इथपर्यंत ठीक. मात्र १६८३ च्या व्हिएन्नाच्या वेढ्यात तुर्कांचा पराभव झाला म्हणून बेकऱ्यांनी हा पाव घडवला, ही दंतकथा मॅडमनी इतिहास म्हणून सांगितली. त्या आकाराचा किप्फेल ऑस्ट्रियात वेढ्याच्या कित्येक शतके आधीपासून होता आणि पॅरिसला त्याची गोडी लावली ती १८३० च्या दशकाच्या अखेरीस तिथे व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढणाऱ्या ऑगस्ट झांगने. मी तसे म्हटल्यावर मॅडमनी ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणून विषय बदलला. व्युत्पत्तीच्या जोरावर शिकवणाऱ्याने गोष्ट आणि पुरावा यांत गल्लत करू नये.

छापील टिपणांत स्वरांवरची चिन्हे गळालेली आहेत. ती फळ्यावरून हाताने भरून घ्यावी लागतात. दोन महिन्यांत परीक्षा गाठायची घाई असलेल्यांना इथली चाल परवडणारी नाही. मी मात्र पुढच्या सत्राची फी भरली, कारण गावांच्या नावांचा धडा त्यात आहे, आणि पॅरिस हे नाव पारिसी नावाच्या गॉल टोळीवरून पडले एवढे सांगून मॅडमनी या सत्राचा शेवटचा तास संपवला.