निळ्या पाऊचमधली औषधं

तासगाव तालुक्यातले आम्ही सहा जण आफ्रिकेतलं जंगल बघायला निघालो होतो, आणि निघण्याआधीच सांगलीतल्या एका माणसानं औषधांच्या नावाखाली आम्हाला फसवलं. एक लाख दोन हजार रुपये गेले. पण मी हे पैशांसाठी लिहीत नाही. त्या माणसानं आमच्या दंडात सुई टोचली, आणि त्या सुईतून अंगात काय गेलं हे आम्हाला आजही माहीत नाही.

माझे आजोबा चांदोलीच्या रानात शिकारीला जायचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्यांची बंदूक कायमची खुंटीला लागली, पण गोष्टी राहिल्या. त्या ऐकत वाढल्यामुळे एकदा तरी सिंह, हत्ती मोकळ्या रानात बघायचे, असं मनात होतं. बेदाण्याचे पैसे हातात आले आणि आम्ही केनियाचं मसाई मारा ठरवलं. द्राक्षांची खरड छाटणी उरकलेली, ऑक्टोबरची फळछाटणी लांब, आणि जुलै ते ऑक्टोबर हाच विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप मारा नदी ओलांडण्याचा काळ. मी आणि बायको, अक्का आणि दाजी, आणि गावातलं एक मित्राचं जोडपं. मुंबईहून 12 ऑगस्टचं विमान, दुबईत बदलून नैरोबी.

यात्रा कंपनीनं सांगितलं होतं की पिवळ्या तापाची, म्हणजे आफ्रिकेत डासांमुळे होणाऱ्या एका आजाराची लस घ्या, तीही शासनमान्य केंद्रातच घ्या. त्याच आठवड्यात बेदाण्याच्या सौद्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जाहिरात आली. वर हत्तीचं चित्र, खाली ‘लस, कार्ड आणि सफारी किट, सर्व घरपोच’. विश्रामबागेत त्याचं भाड्याचं ऑफिस होतं. अंगात पांढरा कोट, भिंतीवर जगाचा नकाशा. तो म्हणाला, “पुण्याला ससूनमध्ये महिना-महिना नंबर लागत नाही, लशीचा तुटवडा आहे. तुम्ही वयस्कर माणसं घेऊन कुठं हेलपाटे घालता? मी घरी येऊन टोचतो.” मग त्यानं एक निळा पाऊच टेबलावर ठेवला. परदेशातले शिकारी टांझानियाला, नामिबियाला शिकारीला जाताना हेच किट नेतात, तुम्हीही केनियात शिकारीचा एक दिवस घ्या, असं तो म्हणाला. केनियानं शिकारीवर 1977 सालीच बंदी घातली आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि त्यालाही नव्हतं. आजोबांच्या गोष्टींमुळे ‘शिकारीचं किट’ हा शब्द माझ्या मनात नेमका जाऊन बसला. लस आणि कार्डाचे माणशी साडेआठ हजार, किटचे साडेआठ हजार. पैसे त्याच्या स्वतःच्या नंबरवर पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, “बिल घेतलं तर वर कर पडेल, दादा.”

5 जुलैला तो घरी आला. प्लॅस्टिकच्या डब्यात सहा सिरिंज आधीच भरून आणलेल्या. बर्फ नाही, लशीची बाटली नाही, सुईचं पाकीट आमच्यासमोर फोडलं नाही. दहा मिनिटांत सहा दंड टोचून झाले.

मला सगळ्यात जास्त सलतं ते पुढचं. त्यानं आम्हाला एकही प्रश्न विचारला नाही. वय विचारलं नाही, आजार विचारला नाही, अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का हे विचारलं नाही. दाजी 66 वर्षांचे. सांधेवातासाठी ते नऊ वर्षं आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेतात. अक्का आपणहून म्हणाली, “ह्यांना सांध्याच्या गोळ्या चालू आहेत.” तो म्हणाला, “काही होत नाही, ताई.”

24 जुलैला मी माझ्या बीपीच्या दोन महिन्यांच्या गोळ्या आणायला मिरजेला गेलो. दवाखाना म्हटलं की आमच्याकडे मिरज, आणि तिथल्या एका औषध दुकानदाराकडे आमचं घर वीस वर्षं जातंय. पोरगा आता वडिलांच्या जागी बसतो. दोन महिन्यांच्या गोळ्या कशाला, म्हणून त्यानं विचारलं आणि मी कौतुकानं पाऊच दाखवला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “काका, तुमचं विमान कुठं बदलतंय?”

मी दुबई म्हटल्यावर त्यानं पाऊचमधून दोन वस्तू काढून बाजूला ठेवल्या. एक कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्या. दोन्हींवर संयुक्त अरब अमिरातीत कडक नियंत्रण आहे. पूर्वपरवानगी नसताना ती जवळ सापडली तर माणूस अटकेत जाऊ शकतो. आमच्यापैकी कुणाकडेही त्यांची चिठ्ठी नव्हती. (जाता जाता सांगतो, खसखससुद्धा तिथं चालत नाही. बायकोनं प्रवासासाठी कांदा-लसूण मसाल्याची पुडी बांधली होती, त्यात खसखस होती. ती घरीच राहिली.)

मग मलेरियाच्या गोळ्या. साध्या पुडीत तीन गोळ्या, वर पेनानं ‘रविवारी एक’. पट्टीचा बॅच नंबर आणि मुदत असलेला भाग कापून टाकलेला. त्या क्लोरोक्विनच्या असाव्यात, असं त्याला वाटलं. त्या खऱ्या असत्या तरी उपयोग नव्हता, कारण आफ्रिकेतला फाल्सिपेरम जातीचा मलेरिया क्लोरोक्विनला दाद देत नाही, आणि जीव घेणारा मलेरिया मुख्यतः तोच. शिवाय मलेरियाची कुठलीही प्रतिबंधक गोळी जंगलात पोचल्यावर सुरू करून परतताना बंद करायची नसते. आधीपासून घ्यायची असते आणि परत आल्यावरही ठरलेले दिवस चालू ठेवायची असते. तीन गोळ्यांत तो हिशेब बसतच नाही.

शेवटी त्यानं एक काचेची बाटली हातात घेतली. सर्पदंशावरचं इंजेक्शन. किटच्या साडेआठ हजारांत तिचे एकटीचेच माणशी तीन हजार होते. बत्तीस शिराळा आमच्याच जिल्ह्यात, सापाची भीती आणि सापाचा मान दोन्ही आम्हाला लहानपणापासून माहीत. त्यामुळे ती बाटली बघून आम्हाला मोठा धीर आला होता. आपल्याकडचं विषरोधक नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांसाठी असतं. आफ्रिकेतल्या ब्लॅक मांबावर किंवा पफ अ‍ॅडरवर त्याचा भरवसा धरता येत नाही. आणि इथंही ते घरी टोचायचं औषध नाही. शिरेतून, एकापेक्षा जास्त बाटल्या, दवाखान्यातच देतात, कारण त्याची जोराची रिअ‍ॅक्शन येऊन माणूस दगावू शकतो. जंगलात कुणी ती बाटली फोडून टोचली असती तर?

मी द्राक्षबागायतदार आहे. बागेला औषध घेताना बॅच नंबर बघतो, मुदत बघतो, पक्कं बिल घेतो, फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचं ते लेबलवर वाचतो. बोगस औषधानं बाग गेलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. तोच मी घरच्या माणसांसाठी पट्टी कापलेल्या गोळ्या बिल न घेता घेऊन आलो. ती रात्र झोप लागली नाही.

लस घेतल्याचं प्रमाणपत्र म्हणून मिळालेली पिवळी कार्डंही त्या पोरानं बघितली. सहाही कार्डांवर मुदत ‘10 वर्षे’ अशी छापलेली होती. पूर्वी ती तशी होती, पण 11 जुलै 2016 पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी धरलं जातं. त्यामुळे कार्डंच जुन्या नमुन्यावरून छापलेली निघाली. पासपोर्ट नंबरची जागा कोरी होती. या कार्डावर आम्ही गेलोही असतो कदाचित, पण परत येताना मुंबईला अडकलो असतो. आपल्या देशात पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा डास भरपूर आहे, म्हणून तो ताप असलेल्या देशांतून वैध प्रमाणपत्राशिवाय आलेल्या माणसाला 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जातं.

हातात दिवस उरले होते एकोणीस, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतं. दुसऱ्या दिवसापासून ससूनला चौकशी सुरू केली. महिनाभर नंबर लागत नाही हे साफ खोटं होतं, आम्हाला 30 जुलै मिळाली. ठरावीक दिवशीच का बोलावतात हेही तिथं समजलं. लशीच्या एका बाटलीत बऱ्याच जणांचे डोस असतात, ती 2 ते 8 अंश थंडीत ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की सहा तासांत संपवावी लागते, उरली तर टाकून द्यायची. म्हणून माणसं गोळा करून एकाच दिवशी टोचतात. भरलेल्या सिरिंज डब्यात घालून सांगलीच्या उन्हात घरोघर नेणं यात कुठंच बसत नाही.

तिथं प्रत्येकाला आधी प्रश्न. वय काय, कुठल्या गोळ्या चालू, अ‍ॅलर्जी, मोठे आजार, याआधी लशीनं त्रास झाला का. दाजींनी मेथोट्रेक्सेट सांगितलं आणि डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ही लस जिवंत विषाणूची असते, तो विषाणू अशक्त केलेला असतो. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असलेल्या माणसात तो अंगात पसरू शकतो. साठीपुढच्या माणसांतही गंभीर त्रासाची शक्यता वाढते, म्हणून तिथं जास्त विचार करतात. दाजींना लस मिळाली नाही. आम्ही पाच जण टोचून बाहेर आलो तेव्हा ते बाकावर बसले होते. म्हणाले, “त्या माणसानं खरी लस दिली असती तर?” या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता आलं नाही. त्याच्या खोटेपणामुळेच दाजी वाचले असतील, हा विचार मला आजही सहन होत नाही.

दाजी आणि अक्का आले नाहीत. त्यांचं तिकिटाचं नुकसान त्या एक लाख दोन हजारांत धरलेलं नाही.

आम्ही चौघं गेलो, आणि या वेळी औषधं मिरजेच्या फिजिशियननं प्रत्येकाची वेगळी माहिती घेऊन लिहून दिली. मलेरियासाठी मला आणि बायकोला अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल: निघण्याच्या आदल्या दिवसापासून, रोज ठरलेल्या वेळी जेवणाबरोबर एक, परतल्यावर आणखी सात दिवस. मित्राला डॉक्सीसायक्लिन दिलं. ते स्वस्त पडतं, पण परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावं लागतं आणि उन्हात कातडी लवकर भाजते, म्हणून टोपी आणि सनस्क्रीन सोडायचं नाही असं बजावलं. मेफ्लोक्विन नावाची आठवड्याला एक घ्यायची गोळीही असते, पण फिट्स किंवा मनाचे आजार असलेल्यांना ती देत नाहीत. यातली कुठली आपल्याला चालते हे डॉक्टरनंच ठरवायचं. बाकी ओआरएसची पाकिटं, जुलाबाच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, पट्ट्या, जंतुनाशक मलम, डीट या रसायनाचं प्रमाण लिहिलेलं डास पळवायचं औषध आणि रोजची बीपीची औषधं. सगळं मूळ पट्टीत, सोबत औषधांची मूळ नावं असलेली इंग्रजीतली चिठ्ठी, आणि सगळं हातातल्या बॅगेत. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर ते खालच्या सामानात टाकूच नये, तिथं गोठू शकतं. प्लॅस्टिकच्या पिशव्याही घेतल्या नाहीत, केनियात 2017 पासून त्यांच्यावर बंदी आहे. आणि निळे, काळे कपडे टाळले, कारण तिथली चावणारी त्सेत्से माशी त्या रंगांवर येते. सापासाठी औषध नेलं नाही, विमा नेला, ज्यात जंगलातून विमानानं नैरोबीच्या दवाखान्यात हलवण्याचा खर्च बसतो.

परतल्यावर बायकोला तिसऱ्या आठवड्यात ताप आला. आफ्रिकेहून आलोय हे दवाखान्यात पाय ठेवताच सांगितलं आणि त्याच दिवशी रक्त तपासलं. मलेरिया नव्हता. पण गोळ्या घेतल्या होत्या म्हणून तपासणी टाळली नाही, आणि कुणीही टाळू नये.

तक्रारीचं सांगतो. विश्रामबागेतलं ऑफिस 26 जुलैला कुलूपबंद होतं, फोन बंद. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पैशांची तक्रार नोंदवली, पण तोवर तीन आठवडे उलटले होते. पैसे पाठवल्यावर पहिल्या काही तासांत फोन केला तर खातं गोठवता येण्याची शक्यता जास्त, असं तिथं सांगितलं. पोलिसांत अर्ज दिला. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसोबत दोन पाऊच जसेच्या तसे जमा केले. उरलेले आम्ही जपून ठेवले आहेत, काही फेकलेलं नाही.

आणि रक्ततपासण्या. सुया कुठल्या होत्या, आधी कुणाला टोचलेल्या होत्या का, काहीच सांगता येत नसल्यानं आम्हा सहाही जणांची एचआयव्ही आणि कावीळ बी, सी ची तपासणी झाली. पहिल्या वेळी सगळं ठीक आलं, पण एकदा तपासून भागत नाही, मधे काळ जावा लागतो, म्हणून पुन्हा तपासलं. अक्कानं त्या दिवसांत कुणाला सांगितलं नाही, पण आपलं ताट-वाटी वेगळी ठेवली होती. ताटानं हे आजार लागत नाहीत हे डॉक्टरांनी समजावलं तरी तिनं रिपोर्ट येईपर्यंत ती वेगळीच ठेवली. दुसऱ्या वेळीही सगळ्यांचं ठीक आलं.

त्यानं आमच्याआधी आणि आमच्यानंतर किती जणांना टोचलं असेल, याचा अंदाज नाही. बेदाण्याच्या ग्रुपवर चारशेच्या वर माणसं आहेत. सांगली, मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, विटा, कऱ्हाड भागात कुणाकडे हत्तीचं चित्र असलेला निळा पाऊच असेल, किंवा ‘10 वर्षे’ छापलेलं पिवळं कार्ड असेल, तर त्यातली एकही गोळी घेऊ नका, पाऊच टाकूनही देऊ नका. घरातल्या ज्याला ज्याला त्यानं टोचलंय त्याचं रक्त आधी तपासून घ्या. लाज वाटून घेऊ नका, आम्हीही त्याच रांगेत बसलो होतो. आणि मग पोलिसांत अर्ज द्या. आमच्या सहा जणांच्या अर्जाशेजारी तुमचा अर्ज आला तर त्याला शोधायला बळ येईल.