इंग्लंडमध्ये घर घेताना: फ्रीहोल्ड की लीजहोल्ड?

इंग्लंडमध्ये पहिले घर घेणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांपुढे साधारण एकाच किमतीचे दोन पर्याय असतात: स्टेशनजवळचा दोन बेडरूमचा फ्लॅट किंवा शहराच्या कडेला नव्या वसाहतीतले छोटे घर. चर्चा होते ती खोल्यांची, शाळांची आणि प्रवासाच्या वेळेची. मालकीच्या प्रकाराकडे मात्र सॉलिसिटरचा, म्हणजे खरेदीचे कायदेशीर काम पाहणाऱ्या वकिलाचा, अहवाल हाती पडेपर्यंत कोणी फारसे पाहत नाही, आणि तोवर सर्व्हे, सर्चेस (सरकारी नोंदींची तपासणी) आणि मॉर्गेजच्या (गृहकर्जाच्या) अर्जावर बराच खर्च होऊन गेलेला असतो. फ्लॅट जवळजवळ नेहमी लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या हक्काचा, असतो, तर घर बहुधा फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसह कायम मालकीचे. पहिले टाळावे आणि दुसरे डोळे मिटून घ्यावे, हा सर्रास मिळणारा सल्ला मला अपुरा वाटतो.

आपल्याकडे फ्लॅट घेणारा सहकारी संस्थेचा सभासद होतो. नवी मुंबईत सिडकोची जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने असली, तरी इमारतीचा कारभार सभासदांच्या सोसायटीकडेच असतो. इंग्लंडच्या लीजहोल्डमध्ये इमारत आणि जमीन फ्रीहोल्डरची असते, आणि तुम्ही विकत घेता तो ठरावीक वर्षांचा हक्क. छप्पर कधी दुरुस्त करायचे, विमा कोणाकडून घ्यायचा, साफसफाईचे कंत्राट कोणाला द्यायचे हे फ्रीहोल्डर किंवा त्याने नेमलेली व्यवस्थापन कंपनी ठरवते. खर्च तुमच्याकडून वसूल होतो. फ्रीहोल्ड घरात जमीन आणि वास्तू दोन्ही तुमच्या, मुदतीशिवाय. दुरुस्तीचा निर्णय तुमचा आणि खर्चही तुमचाच.

लीजहोल्डमध्ये सर्वांत आधी विचारायचा प्रश्न म्हणजे लीजची किती वर्षे उरली आहेत. ९९ वर्षांची लीज १९८९ मध्ये सुरू झाली असेल, तर ती २०८८ मध्ये संपेल. म्हणजे २००८ पासून तिची ८० पेक्षा कमी वर्षे उरलेली आहेत. हा ८० चा आकडा महत्त्वाचा आहे. १९९३ च्या कायद्यानुसार फ्लॅटधारकाला लीज ९० वर्षांनी वाढवून घेण्याचा आणि ग्राउंड रेंट (फ्रीहोल्डरला द्यायचे जमिनीचे वार्षिक भाडे) शून्यावर आणण्याचा हक्क आहे. मात्र नोटीस देताना ८० किंवा त्याहून कमी वर्षे उरली असतील, तर मुदतवाढीमुळे वाढणाऱ्या मूल्याचा, म्हणजे ‘मॅरेज व्हॅल्यू’चा, निम्मा भाग फ्रीहोल्डरला द्यावा लागतो. २०२४ च्या सुधारणा कायद्यात ही रक्कम रद्द करण्याची आणि मुदतवाढ ९९० वर्षांची करण्याची तरतूद आहे. परंतु त्या कायद्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होत असल्यामुळे तुमच्या व्यवहाराच्या दिवशी नेमका कोणता नियम चालू आहे, हे सॉलिसिटरकडून लेखी घ्यावे. एक बदल मात्र आधीच लागू झाला आहे: मुदतवाढ मागण्यापूर्वी दोन वर्षे मालकी असण्याची अट ३१ जानेवारी २०२५ पासून उरलेली नाही. तरीही ८२ वर्षे उरलेला फ्लॅट पूर्ण किमतीला घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. मुदतवाढीचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.

दुसरा प्रश्न ग्राउंड रेंटचा. ३० जून २०२२ पासून दिलेल्या बहुतेक नव्या लीजवर तो आकारताच येत नाही, पण जुन्या लीजमध्ये तो राहतो आणि तिथे आजच्या रकमेपेक्षा वाढीचे सूत्र महत्त्वाचे असते. वर्षाला ३०० पौंड हा आकडा किरकोळ दिसतो; तो दर दहा वर्षांनी दुप्पट होणार असेल, तर पन्नास वर्षांनी ९,६०० पौंड होतो. असे सूत्र असलेल्या फ्लॅटवर कर्ज मिळणे अवघड जाते, आणि म्हणून पुढे तो विकणेही.

सर्व्हिस चार्जला, म्हणजे इमारतीच्या देखभालीच्या खर्चातल्या तुमच्या वाट्याला, मात्र वरची ठरावीक मर्यादा नाही. मागच्या तीन वर्षांचे हिशेब मागवावेत आणि मोठ्या दुरुस्तीची नोटीस निघाली आहे का, हे विचारावे. एखाद्या कामासाठी कोणत्याही एका फ्लॅटधारकाचा वाटा २५० पौंडांपेक्षा जास्त होणार असेल, तर आधी सल्लामसलत करणे फ्रीहोल्डरवर बंधनकारक आहे, आणि खर्च अवाजवी वाटल्यास न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

आणि याच मुद्द्यावर नव्या वसाहतीतले फ्रीहोल्ड घर कधीकधी मागे पडते. तिथले रस्ते, हिरवळ, पावसाच्या पाण्याचा निचरा हे सारे कौन्सिलने (स्थानिक प्रशासनाने) ताब्यात घेतलेले नसेल, तर त्याची देखभाल खासगी कंपनी करते आणि दरवर्षी ‘एस्टेट चार्ज’ लावते. लीजहोल्डरला १९८५ च्या कायद्याने मिळालेला दाद मागण्याचा हक्क अशा फ्रीहोल्ड घरमालकांना नव्हता. तो देण्याची तरतूद २०२४ च्या कायद्यात आली, आणि तिच्याबाबतही लागू झाली का हे तपासावे लागते. शिवाय लँड रजिस्ट्रीच्या (मालकीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) नोंदीत पुष्कळदा असे बंधन असते की व्यवस्थापन कंपनीचे प्रमाणपत्र असल्याशिवाय नव्या मालकाचे नाव चढणार नाही. त्यामुळे ९०० हून अधिक वर्षांची लीज, शून्य ग्राउंड रेंट आणि रहिवाशांच्याच हाती असलेले फ्रीहोल्ड, अशा ‘शेअर ऑफ फ्रीहोल्ड’ फ्लॅटला मी अमर्याद एस्टेट चार्ज असलेल्या घरापेक्षा वरचे स्थान देईन. मुले मोठी होणार आहेत आणि लॉफ्ट (छपराखालचा माळा) वाढवायचा आहे, असे असेल तर गोष्ट वेगळी; फ्लॅटमध्ये भिंत हलवायला, फरशी बदलायला आणि पुष्कळदा भाडेकरू ठेवायलाही परवानगी लागते.

स्टँप ड्युटी दोन्ही प्रकारांत सारखीच, पण आपल्या लोकांची गफलत इथे होते. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३,००,००० पौंडांपर्यंत कर नाही (घराची किंमत ५,००,००० पौंडांपेक्षा जास्त नसावी). मात्र ‘पहिल्यांदा’ याचा अर्थ जगात कुठेही पहिल्यांदा. पुण्यातला फ्लॅट किंवा वारसाने मिळालेला वडिलोपार्जित घरातला हिस्साही ही सवलत घालवू शकतो. भारतातले घर अजून नावावर असेल, तर ५ टक्के जादा कराचाही प्रश्न येतो.

शेवटी विक्रीचा विचार खरेदीच्या वेळीच करावा. इंग्लंडमध्ये करारांची देवाणघेवाण होईपर्यंत, म्हणजे ‘एक्स्चेंज’पर्यंत, दोन्ही बाजूंना माघार घेता येते, त्यामुळे कागदपत्रांना लागणारा प्रत्येक आठवडा ग्राहक गमावण्याचा धोका वाढवतो. फ्रीहोल्ड विकणाऱ्याने खिडक्या बदलल्याचे आणि वाढीव बांधकामाचे पूर्णता प्रमाणपत्र शोधून ठेवावे. लीजहोल्ड विकणाऱ्याला व्यवस्थापन कंपनीकडून माहितीसंच विकत घ्यावा लागतो आणि तो यायला अनेकदा कित्येक आठवडे जातात. इमारत किमान ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजली असेल, तर लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमधील आगीनंतर झालेल्या २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याखालचे लीजहोल्डरचे प्रमाणपत्रही खरेदीदाराचा सॉलिसिटर मागतो. फ्लॅट बाजारात आणायच्या आधीच हे दोन्ही कागद मागवून ठेवावेत.