तीन पदरी मास्क की एन-९५? ग्रामीण आरोग्य केंद्रात जाणाऱ्या सिस्टरांसाठी

इंदूरहून सकाळची बस धरून देपालपूर, सांवेरकडच्या केंद्रांत ड्यूटीला जाणाऱ्या आपल्या मराठी मुली केंद्रातला साठा संपला की दवा बाजारातून स्वतःच्या पैशाने मास्क आणतात. कोणता घेऊ, हा प्रश्न मला नेहमी येतो.

हा स्वस्त आणि महाग यांतला प्रश्न नाही, दोघांची कामंच वेगळी. तीन पदरी मास्क शिंतोडे अडवतो. बाळंतपणात रक्त उडालं, समोरचा शिंकला, तर नाकातोंड वाचतं. पण गालांपाशी तो उघडाच असतो आणि श्वास ओढला की तिथून हवा आत शिरते. क्षयाचे जंतू तर हवेत कितीतरी वेळ तरंगत राहतात. एन-९५ हा ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण गाळतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच.

म्हणून दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेला रुग्ण आला की एन-९५ चढवा, त्याला तीन पदरी द्या आणि थुंकीचा नमुना उघड्यावर, मोकळ्या हवेत घ्यायला लावा. लसीकरणाला, मलमपट्टीला तीन पदरी पुरतो. मे महिन्यात माळव्याच्या उन्हात एन-९५ दिवसभर घालवत नाही, मग तो हनुवटीवर लोंबतो. त्यापेक्षा नेमक्या वेळी नीट घातलेला कधीही चांगला.

एन-९५ घेताना दोन्ही पट्ट्या डोक्यामागून जाणारा बघा. कानात अडकवायचा बहुधा सैल बसतो. घालून दोन्ही हातांनी झाका आणि जोरात श्वास सोडा. डोळ्यांवर वारा लागला तर तो गळतोय. व्हॉल्व्हचा नको, त्यातून आपला श्वास न गाळता रुग्णाकडे जातो.

ग्लोव्हजचं थोडक्यात: लेटेक्स स्वस्त आणि हाताला छान बसतो, पण खाज किंवा पुरळ येत असेल तर नायट्राईल घ्या. सुई मात्र दोन्हींतून आरपार जाते. सुईला टोपण परत लावू नका, वापरलेली सुई कापणारा हब कटर हाताशी ठेवा. रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल आणि तुमची लस झाली नसेल, तर सुई टोचल्यावर लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीची साधारण ०.३ टक्के. हिपॅटायटिस बीच्या लसीचे डोस तीन: आज, एका महिन्याने, सहा महिन्यांनी. नायट्राईलचा डबा पुढच्या पगाराला आणलात तरी चालेल, पहिला डोस याच आठवड्यात घ्या.