बडनचे तीन खंड, अकरा महिने आणि ‘स्तिफेलिओ’वरून झालेलं भांडण

गेल्या आठवड्यात ज्युलियन बडनच्या ग्रंथाचा, म्हणजे इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ऑपेरांवरच्या ग्रंथाचा, दुसरा खंड फुटला. ‘उन बालो इन मास्केरा’ या ऑपेराच्या प्रकरणात कणा मधोमध तडकला आणि पानांचा एक जुडगा सुटून हातात आला. पावसाळी हवा, जुना सरस, त्यात मी रोज रात्री पोटावर ठेवून वाचणारा. दोष कुणाचा हे ठरवत बसत नाही. पण अकरा महिने लिहीन लिहीन म्हणत होतो, त्याला निमित्त मिळालं.

ज्युलियन बडनचं ‘द ऑपेराज ऑफ व्हेर्दी’. खंड तीन: 1973, 1978, 1981. सुधारित आवृत्ती 1992 ची. ज्याला हे हवं असतं त्याला ते काय आहे हे माहीत असतंच, तेव्हा जास्त ओळख करून देत नाही. नवा संच घ्यायची माझी ऐपत नाही, म्हणजे आहे, पण पुस्तकावर तेवढे पैसे घातले तर घरात ऐकून घ्यावं लागेल. म्हणून जुना घेतला. ऑनलाइन, कुरियर धरून साडेचार हजार. जाहिरातीत ‘पूर्ण संच, सुधारित आवृत्ती’ असं स्वच्छ लिहिलं होतं. खोकं उघडलं तर दुसरा-तिसरा खंड सुधारित आणि पहिला 1973 चा, कुठल्याशा लायब्ररीने मोडीत काढलेला.

आता कुणी म्हणेल, काय बिघडलं? दीड हजारांवर पानं आहेत, एका खंडाची आवृत्ती जुनी निघाली तर निघाली. पण मी संच घेतला तो व्हेर्दीच्या ‘स्तिफेलिओ’ या ऑपेरासाठी, आणि ‘स्तिफेलिओ’ नेमका पहिल्या खंडात.

हा ऑपेरा 16 नोव्हेंबर 1850 ला त्रिएस्तेला आला आणि आला तोच सेन्सॉरच्या कात्रीतून. नायक प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक, त्याची बायको लीना दुसऱ्याच्या नादी लागलेली. नवरा घटस्फोटाचा कागद पुढे करतो. ती सही करते आणि मग म्हणते, नवरा म्हणून नको ऐकूस, धर्मोपदेशक म्हणून माझा कबुलीजबाब घे: ‘मिनिस्त्रो, कॉन्फेस्सातेमि’. अख्ख्या ऑपेराची चावी या दोन शब्दांत आहे. सेन्सॉरने तिथे ‘रोडोल्फो, माझं ऐका’ असं घालायला लावलं (रोडोल्फो हे नायकाचंच दुसरं नाव). झालं, नवरा-बायकोचं घरगुती भांडण उरलं. शेवटच्या चर्चच्या प्रवेशातही नायक बायबलमधली व्यभिचारिणीची गोष्ट वाचता वाचता तिला सगळ्यांसमक्ष क्षमा करतो, त्यातलं बायबलच काढलं. व्हेर्दी इतका वैतागला की पुढे त्याने हस्तलिखिताची पानं सोडवून दुसऱ्या ऑपेरात घातली: ‘आरोल्दो’, 1857, रिमिनी. धर्मोपदेशकाचा झाला क्रूसेडवरून परतलेला सरदार! जुन्या साडीची गोधडी समजतो, ही गोधडीसाठी नवी साडी फाडलेली.

पुढे नेपल्सच्या लायब्ररीत नकलनविसाच्या प्रती मिळाल्या आणि 1968 मध्ये पार्माला ‘स्तिफेलिओ’ पुन्हा उभा राहिला. नक्कल मात्र नक्कलच. खुद्द व्हेर्दीच्या हातची उरलेली पानं त्याच्या सांत’आगाताच्या घरात वारसांकडे होती. ती संशोधकांपुढे आली 1992 मध्ये, आणि त्यावरून संशोधक कॅथलीन हॅन्सेलने केलेली संहिता 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गायली गेली. माझ्या हातातला खंड 1973 चा. त्यात हे असणार कुठून?

मी विक्रेत्याला मेल केला. उत्तर आलं, ‘सर, मजकूर तोच आहे, कव्हर वेगळं असतं.’ मी वरचा सगळा इतिहास लिहून पाठवला. उत्तर आलं, ‘सर, पुस्तकाची कंडिशन चांगली आहे ना?’ असे चौदा मेल. चार महिने. बायको म्हणाली, साडेचार हजारांत एवढा टाइमपास स्वस्तच पडला.

भांडणाच्या नादात खंड वाचून झाले, हे लक्षात यायला वेळ लागला. आता वापराबद्दल.

माझी मोठी धास्ती होती स्वरलिपीच्या उदाहरणांची. मला पाच रेघांची लिपी अडखळत वाचता येते. पहिले दोन महिने उदाहरणं गाळून वाचत होतो आणि मित्राला सांगतही होतो की हा ग्रंथ आपल्यासाठी नाही. ते मागे घेतो. पेटी घेऊन बसलो, एकेक ओळ वाजवली, तेव्हा कळलं की बडन ज्याला कावातिना-काबालेत्ता म्हणतो तो साचा आपल्या कानाला परका नाहीच. आधी संथ गाणं, मग मध्येच कुणीतरी बातमी घेऊन येतो आणि त्याच माणसाचं जलद गाणं सुरू होतं. विलंबितावरून द्रुतात जाणाऱ्याला ते समजावावं लागत नाही, फक्त बातमी आणणारा आपल्याकडे नसतो. इटालियन समीक्षक आब्रामो बासेव्हीने 1859 मध्येच द्वंद्वगीतांतल्या अशा साच्याला ‘नेहमीचा साचा’ म्हटलं होतं. व्हेर्दी तो कुठे पाळतो आणि कुठे मोडतो, यावर बडनची नजर बसलेली आहे. हा माणूस बीबीसीत ऑपेराची निर्मिती करणारा. त्यामुळे गाणाऱ्याला काय जड जाईल हे त्याला आतून कळतं, आणि पडेल ऑपेराला पडेल म्हणताना तो आढेवेढे घेत नाही.

तिसऱ्या खंडात ‘दॉन कार्लोस’. 11 मार्च 1867, पॅरिस. (‘रिगोलेत्तो’ही 11 मार्चचाच, सोळा वर्षं आधीचा.) तालमीत लक्षात आलं की खेळ फार लांबतोय. लोकांच्या जेवणाआधी सुरू करता येत नाही आणि उपनगरांकडे जाणाऱ्या शेवटच्या गाड्या चुकवता येत नाहीत. मग कापाकापी. डोंबिवलीहून दादरला नाटकाला येणाऱ्याला हे सांगायला नको. शंभर वर्षांनी संगीतसमीक्षक अँड्र्यू पोर्टर पॅरिस ऑपेराच्या लायब्ररीत गेला तेव्हा वादकांच्या प्रतींत कापलेली पानं फाडलेली नव्हती, दुमडून शिवून टाकलेली होती. त्यातून गळालेलं संगीत परत जुळवता आलं. त्यातल्या पोझा या पात्राच्या मृत्यूनंतरच्या एका शोकगीताची चाल व्हेर्दीने 1874 च्या ‘रेक्विएम’मध्ये, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतात, ‘लाक्रिमोसा’ या भागात वापरलीही होती. कोंड्याचा मांडा करणारा माणूस. मला आवडतात अशी माणसं.

वन्समोअरची गोष्ट राहिली. ‘नाबुक्को’च्या पहिल्या रात्री, 1842 मध्ये, ‘व्हा पेन्सिएरो’ या समूहगीताला देशभक्तीच्या भरात वन्समोअर मिळाला, हे मी किती जणांना ऐकवलं असेल! संशोधक रॉजर पार्करने त्या वेळची वर्तमानपत्रं काढून पाहिली, तर वन्समोअर मिळाला होता त्याच ऑपेरातल्या ‘इम्मेन्सो जेहोवा’ या दुसऱ्या समूहगीताला. हे संशोधन बडनच्या पहिल्या खंडानंतरचं. म्हणजे कोणतीही आवृत्ती घेतली तरी शेजारी दुरुस्त्या टिपायला वही लागतेच. मी आता तशी ठेवली आहे, जुन्या डायरीची कोरी पानं वापरून.

पाचव्या महिन्यात विक्रेत्याचा मेल आला: ‘सर, सुधारित पहिला खंड मिळाला आहे, जुना परत पाठवा, कुरियर आमच्याकडून.’ मी खंड खोक्यात भरायला घेतला. भरण्याआधी ‘स्तिफेलिओ’चं प्रकरण एकदा चाळलं. समासात कुणीतरी पेन्सिलीने, बारीक अक्षरात, ‘1992!’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. लायब्ररीत बसून, बहुधा बातमी कळली त्याच सुमाराला. चार महिने त्या प्रकरणावरून भांडलो आणि त्याच्या समासाकडे नजर गेली नव्हती.

विक्रेत्याला कळवलं, नको, हाच ठेवतो. त्यावर नुसतं ‘ओके सर’ आलं.

घ्यायचा असेल तर तिसरा खंड आधी घ्या. जुना घेत असाल तर तिन्ही खंडांच्या सुरुवातीच्या पानांचे फोटो मागवा, जाहिरातीवर जाऊ नका. आणि शिवण तपासा. माझा दुसरा खंड अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडरकाकांकडे आहे. त्यांनी आतल्या रेघा बघून विचारलं, ‘पेटी शिकायचं आहे का?’ शिवून, कापडी कणा लावून साडेतीनशे सांगितले, तीनशेवर आले. गणपतीनंतर देतो म्हणालेत.