कियालो एज्यु : आरक्षणावरच्या चर्चेसाठी उपयोगी, पण तासाला शिक्षक हवाच

साठ मुलांच्या वर्गात आरक्षणाचा विषय काढला की चार-पाच जण तावातावाने बोलतात आणि ज्यांच्याबद्दल बोललं जातंय ती मुलं खाली मान घालून बसतात. कियालो एज्यु हे शिक्षकांसाठी मोफत असलेलं संकेतस्थळ इथे खरोखर कामाला येतं. वर एक ठराव, खाली हिरवे अनुकूल आणि लाल प्रतिकूल मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला पुन्हा दोन्ही बाजूंच्या फांद्या. एका मुद्द्याला ५०० अक्षरांची मर्यादा असल्याने भाषण ठोकता येत नाही. मुलांना एकमेकांची नावं दिसणार नाहीत अशीही सोय आहे.

सगळी भिस्त ठरावाच्या शब्दांवर आहे. ‘आरक्षण असावं का?’ हा ठराव कधीच ठेवू नका. त्यात समोरच्या मुलांचं वर्गात असणंच वादाला लागतं. ‘५० टक्क्यांची मर्यादा घटनादुरुस्ती करून काढावी’ असा ठेवा. मग ही मर्यादा घालणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९९२ चा इंद्रा साहनी निकाल, मराठा आरक्षण रद्द करणारा २०२१ चा निकाल आणि आर्थिक निकषावरचं १० टक्के आरक्षण वैध ठरवणारा २०२२ चा निकाल, हे तिन्ही वाचल्याशिवाय मुद्दा लिहिताच येत नाही. तिन्हींचे एकेक पानाचे उतारे दोन दिवस आधी द्या.

तासाला पाच-सहा जणांचे गट करा. पहिली १५ मिनिटं नुसतं लिहिणं. प्रत्येक गटाने दोन्ही रंगांत किमान दोन मुद्दे टाकायचेच. मुद्द्याचं वजन ठरवणारं मतदान तोवर बंद ठेवा, नाहीतर पहिल्या दहा मतांकडे बघून बाकीचे तिकडेच झुकतात. उरलेल्या वेळात सगळ्यात जास्त फांद्या फुटलेला एकच मुद्दा पडद्यावर घ्या.

गाडी घसरते ती निनावीपणामुळे. बुजरी मुलं लिहू लागतात, पण जातीवरून टोमणा मारणाऱ्यालाही तोच आडोसा मिळतो. असं वाक्य गुपचूप पुसू नका. ज्यांना ते लागलं त्यांनी ते वाचलेलं असतं. पडद्यावरून काढा, हे का चालणार नाही ते त्याच क्षणी सांगा, पाच मिनिटं सगळ्यांना वहीत लिहू द्या आणि मग पुढे जा. लिहिणारा कोण, याचा शोध वर्गात घेऊ नका. आणि ‘तुमच्या समाजाला काय वाटतं?’ असं कुणालाही विचारू नका.

हे सांभाळणं संकेतस्थळ करत नाही, म्हणून पाचपैकी साडेतीन. नेट रखडत असेल तर गटाला एकच फोन पुरतो.