धरणकाठची सावकाश सहल: खडकवासला ते पानशेत, एका दिवसात

घरातल्या ज्येष्ठांना घेऊन एका दिवसात कुठे जावे, हा प्रश्न आमच्याकडे दर दिवाळीनंतर निघतो आणि बहुतेक वेळा बनेश्वर किंवा आळंदी या उत्तरावर मिटतो. या वर्षी मात्र पुण्यातल्या कोथरूडच्या एका छोट्या प्रवासी व्यवसायाची ‘धरणकाठची सावकाश सहल’ आम्ही घेतली. खडकवासला, पानशेत आणि वरसगाव या तिन्ही जलाशयांच्या काठाने जाऊन संध्याकाळी घरी परत, असा हा कार्यक्रम असून चौघांसाठी चालकासह मोटार आणि सकाळचा चहा-नाश्ता धरून ५,२०० रुपये घेतले गेले. दुपारचे जेवण वेगळे. काही तक्रारी आहेत, त्या त्यांना थेट कळवल्या आहेत आणि सुधारणेला अवसर मिळावा म्हणून व्यवसायाचे नाव येथे देत नाही.

आम्ही चौघे म्हणजे शहात्तर वर्षांची आई, तिच्याहून चार वर्षांनी लहान असलेली मावशी, पत्नी आणि मी. नोव्हेंबरमधला बुधवार मुद्दाम निवडला होता, कारण शनिवार-रविवारी सिंहगड रस्त्याने खडकवासल्याला जाणे म्हणजे सहलीचा निम्मा वेळ धायरी फाटा ते किरकटवाडी यांच्यामध्ये घालवणे होय. मोटार ठरल्याप्रमाणे आठ वाजता दारात उभी होती. मागच्या आसनावर चढताना आईचा गुडघा दुखतो हे फोनवर एकदाच सांगितले होते, तरी चालकाने लाकडी पाटासारखी एक ठेंगणी पायरी बरोबर आणली होती आणि दिवसभरात ती प्रत्येक थांब्यावर न विसरता काढली. या सेवेचे खरे मोल अशा गोष्टींत आहे.

दीपगृहे पाहत किनाऱ्याने हिंडायचे तर आपल्याला घाट उतरून कोरलई नाही तर रत्नागिरी गाठावी लागते. आपल्या धरणांच्या काठी दीपगृह असण्याचे कारण नाही, परंतु सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा ते काम निमूटपणे करतो. बहुतेक थांब्यांवरून तो कुठे ना कुठे डोके वर काढतोच, आणि मावशीने तर दिवसभर दिशा त्याच्यावरूनच सांगितल्या.

पहिला थांबा अर्थातच खडकवासल्याचा होता. मुठेवरचे हे दगडी धरण १८७९ सालचे. इंग्रजी कागदपत्रांत या तलावाला लेक फाइफ असे नाव आढळते. चौपाटी म्हणवणारी पट्टी सकाळी जवळजवळ रिकामी होती, भाजलेल्या कणसांच्या गाड्यांवर शेगड्या पेटायच्या होत्या आणि पलीकडच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या सुदान ब्लॉकचा घुमट उन्हात स्वच्छ दिसत होता. चालकाने पाण्यात उतरू नका असे दोनदा बजावले, ते योग्यच होते. तळाशी गाळ आहे आणि येथे बुडण्याच्या घटना वारंवार होतात. येथे पाऊण तास मिळाला. वास्तविक बहुतेक पुणेकरांचे ‘धरण’ येथेच सुरू होते आणि येथेच संपते. पावसाळाभर वर्तमानपत्रांत चार धरणांच्या एकूण साठ्याचा २९.१५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) हा जो आकडा आपण वाचतो, त्यात या जलाशयाचा वाटा जेमतेम १.९७ टीएमसी आहे. पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१ टीएमसी यांचे पाणी येथे येऊन थांबते व येथून शहराकडे आणि कालव्याने दौंड-इंदापूरकडे जाते. घरच्या भाषेत सांगायचे तर खडकवासला हा हंडा नसून तोटी आहे, आणि हंडे पाहायचे तर डोणज्यावरून पुढेच जावे लागते.

डोणजे, खानापूर, मालखेड या रस्त्यावर विशेष सांगण्यासारखे काही नाही. वळणे मात्र पुष्कळ आहेत आणि चालकाने ती इतकी संथ घेतली की मावशीला, जिला कात्रजचा घाटही सोसत नाही, एकदाही आवळ्याची सुपारी तोंडात टाकावी लागली नाही.

पानशेतविषयी थोडे सविस्तर लिहितो. आई नारायण पेठेत वाढली. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे बांधकाम पुरे न झालेले मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही गेली आणि काही तासांत नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, तेव्हा ती बारा वर्षांची होती. ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुराच्या नंतर’ अशी कालगणना आम्ही तिच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलो आहोत. असे असून तिने पानशेतचे धरण कधीही पाहिले नव्हते. पुढे नव्याने बांधलेले धरण आम्ही रस्त्याच्या एका वळणावरून पाहिले. आंबी नदीवरची ती गवताळ उतरण, तिच्यामागे तानाजीसागराचे निळे पाणी आणि काठाने चरणाऱ्या चार म्हशी, एवढेच ते दृश्य होते. आई बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, “एवढंच आहे होय? आणि तो दिवसही बुधवारच होता.” कार्यक्रमपत्रिकेत या थांब्याला वीस मिनिटे दिली होती. चालकाने घडी घालण्याची खुर्ची काढून तिला सावलीत बसवले, स्वतः लांब जाऊन उभा राहिला आणि चाळीस मिनिटे झाल्यावरही घड्याळाकडे पाहिले नाही. मी या सहलीला चांगले म्हणतो ते मुख्यतः या चाळीस मिनिटांसाठी.

त्यांच्या माहितीपत्रकाला मात्र चांगले म्हणता येत नाही. गुळगुळीत कागदावर छापलेल्या त्या चार पानांत पुराचे साल १९६२ दिले होते. आईने पर्समधून बॉलपेन काढले, त्या दोनावर रेघ मारून वर एक लिहिला आणि पत्रक चालकाच्या हाती देत सांगितले, “बाळा, हे कार्यालयात नेऊन दाखव.” पुण्यातल्या ज्येष्ठांना पानशेत दाखवायला नेणाऱ्यांनी निदान हे एक साल चुकवू नये. शिवाय १९१६ पासूनचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, जेथे बंदरांच्या आणि नद्यांच्या प्रतिकृती बांधून पाण्याचा अभ्यास केला जातो, ते खडकवासल्याला वाटेतच असूनही त्याचा पत्रकात उल्लेखसुद्धा नाही. आत सोडत नाहीत हे मान्य, पण नाव सांगायला काय हरकत होती?

दुसरी तक्रार जेवणाची आहे. पानशेतच्या अलीकडे ज्या घरगुती खानावळीत नेले, तेथे आधी कळवलेलेच नव्हते, त्यामुळे पिठले-भाकरीसाठी एक तास दहा मिनिटे थांबावे लागले. मधुमेह असलेल्या मावशीने तोवर आमच्याजवळचे राजगिऱ्याचे लाडू खाऊन वेळ निभावली. जेवण आले ते उत्तम होते हे कबूल केले पाहिजे: तांदळाची पातळ, पदर सुटलेली भाकरी, तव्यावर ठेचलेल्या मिरचीचा ठेचा आणि मडक्यातले घट्ट दही. परंतु गुडघेदुखी असलेल्यांसाठी कमोडची सोय तेथे नव्हती आणि ज्येष्ठांची म्हणून विकल्या जाणाऱ्या सहलीत हे आधी तपासले जाणे ही किमान अपेक्षा आहे.

वरसगाव त्या मानाने लवकर आटोपले. मोसे नदीवरचा हा जलाशय वीर बाजी पासलकरांच्या नावाने ओळखला जातो आणि तिघांत पाणी सर्वांत जास्त त्याचेच, पण दुपारी अडीचच्या उन्हात गाडीतून उतरायला कोणी तयार नव्हते.

परतीच्या वाटेवर सूर्यास्ताच्या सुमारास पुन्हा खडकवासल्याला थांबलो. आता कणसांचा धूर होता, कांदाभजीच्या कढया होत्या आणि महाविद्यालयीन मुलामुलींची गर्दीही होती. समोरचा घुमट हळूहळू काळा पडला आणि थोड्या वेळाने पाठीमागे सिंहगडाच्या माथ्यावर मनोऱ्याचा लाल दिवा लागला. मावशीने तो सर्वांत आधी दाखवला. पावणेसात वाजता आम्ही घरी पोहोचलो.

फेब्रुवारीत सासूबाईंना घेऊन याच चालकाबरोबर पुन्हा जायचे आम्ही ठरवले आहे. त्या वेळी जेवणाचा डबा घरून नेऊ, वरसगाव सकाळी करू आणि पत्रकात साल दुरुस्त झाले आहे का, हे आईच्या वतीने पाहून येऊ.