सीलबंद डब्यातले अठरा ब्रश

दिवाळीच्या आधी इंदूरात जिथे मोकळा हॉल दिसेल तिथे सेल लागतो. साड्या, लोणची, आकाशकंदील, आणि हल्ली कॉस्मेटिक्स. मागच्या वर्षी ऑफिस सुटल्यावर मी अशाच एका सेलमध्ये शिरले ते पणत्या घ्यायला, आणि बाहेर पडले ते 2,800 रुपयांचा मेकअप ब्रशचा सेट घेऊन. पणत्या राहिल्याच.

मला सकाळी मेकअपला जेमतेम सात मिनिटं मिळतात. त्यात फाउंडेशन मी बोटांनीच लावायची. स्टॉलवरच्या पोऱ्याने ते चेहऱ्याकडे बघूनच ओळखलं असावं. त्याने काउंटरवरचा एक जाड ब्रश माझ्या मनगटावर फिरवला. खोटं कशाला बोलू, मांजराच्या पिल्लाने अंग घासावं इतका मऊ होता. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, बकरी और नेवले का असली बाल है. नायलॉन नहीं." नेवला म्हणजे मुंगूस. डब्यावर किंमत 7,999. आज शेवटचा दिवस म्हणून 2,800, आणि वर आयुष्यभर बदलून देण्याची गॅरंटी.

मी डबा उघडायला गेले तर त्याने हलकेच हात आडवा घातला. "सील मत खोलिए, गारंटी चली जाएगी."

सगळी खुबी त्या सीलमध्ये होती, हे आता कळतं. मनगटावर फिरला तो ब्रश वेगळा, डब्यातला माल वेगळा. सील बघून आपल्याला वाटतं माल कोरा आहे, खात्रीचा आहे. आणि ते सील असतं आपण आत बघू नये म्हणून. बिल मागितलं तर "प्रिंटर बंद है" म्हणून एक व्हिजिटिंग कार्ड हातात ठेवलं. क्यूआर स्कॅन केल्यावर स्क्रीनवर दुकानाचं नाव आलं नाही, कुणा माणसाचं आलं. मी ते वाचलं, आणि तरीही पिन टाकला. याला काय म्हणावं!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "अगं, गालाला काजळ लागलंय का?" काजळ नव्हतं, ब्रशचा रंग होता. हनुवटीवर चार केस चिकटलेले, ते वेगळेच. नवा ब्रश आधी धुवावा हे मला माहीत नव्हतं, म्हणून चूक माझीच धरली आणि संध्याकाळी सगळे अठरा धुवायला घेतले. कोमट पाणी, थोडा बेबी शाम्पू. मगातलं पाणी काळ्या शाईसारखं झालं. तीनदा बदललं, तरी काळंच. सर्वांत मोठ्या ब्रशचा झुबका डिंकासकट धातूच्या नळीतून निसटून हातात आला आणि दांडा पडला बेसिनमध्ये. आठवडाभरात गालांवर बारीक पुरळ उठलं. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिलं काम सांगितलं ते हा ब्रश बंद करण्याचं.

रविवारी मामा आले होते. देवळालीकर मास्तरांनी इंदूरच्या ज्या कलाशाळेत बेंद्रे आणि हुसेन या चित्रकारांना शिकवलं, तिथेच पुढे मामाही शिकले. ब्रश हा त्यांचा जन्माचा विषय. मुंगसाचे केस ऐकल्यावर ते हसायलाच लागले. "अगं, खरे असते तर पोलीस आले असते." रंगकामाचे तसे ब्रश पूर्वी सर्रास मिळायचे, पण मुंगसाला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्या केसांचा धंदा गुन्हा आहे. मग त्यांनी एक केस उपटला, चिमट्यात धरला आणि गॅसवर नेला. केस आक्रसला, वितळला, टोकाला मोहरीएवढी काळी टणक गोळी झाली आणि स्वयंपाकघरात जळक्या प्लास्टिकचा वास पसरला. नंतर माझ्या डोक्यातला एक केस. तो जळताना कसा वास येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. उरली ती राख बोटांत चुरगळून गेली.

यातली गंमत अशी की नायलॉन असणं हा दोषच नव्हे. लिक्विड फाउंडेशन, कन्सीलर, क्रीम यांना सिंथेटिक ब्रशच चांगला, कारण तो ओलं शोषून घेत नाही आणि लवकर धुऊन निघतो. प्राण्यांच्या केसांचा गुण दिसतो तो सुक्या पावडरीला. म्हणजे जी वस्तू मला हवीच नव्हती, तिच्या नावाने मी पैसे मोजले. आणि हाती आली ती हव्या त्या वस्तूची सगळ्यात हलकी जात.

कार्डावरचा नंबर पहिल्या दिवसापासून बंद. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा त्यांनी विचारलं की विकणाऱ्याचं नाव काय, पत्ता काय. डबा उलटापालटा करून पाहिला. किंमत ठसठशीत छापलेली, पण बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, कुठल्या देशाचा माल ते नाही. हे सगळं पाकिटावर छापणं कायद्याने बंधनकारक आहे, देशाचं नाव बाहेरून आलेल्या मालाला. दोन मिनिटं वाचलं असतं तर तिथेच कळलं असतं. पैसे अर्थातच आले नाहीत.

आता माझ्याकडे चारच ब्रश आहेत, राजवाड्याजवळच्या एका जुन्या दुकानातून बिलासकट घेतलेले, मिळून 900च्या आत. फाउंडेशनचा, पावडरचा, गालांचा आणि पापणीचा एक छोटा. घेताना प्रत्येक ब्रश तळहातावर दाबून पाहिला, केस परत सरळ होतात का. हलकेच ओढून पाहिला. ओल्या पांढऱ्या रुमालावर घासला. दांडा आणि नळीचा सांधा हलवून बघितला. दुकानदार काका वैतागले, पण अडवलं नाही. धुणं दर रविवारी: केस खाली करून, नळीत पाणी जाऊ न देता, नाहीतर आतला डिंक सुटतो. मग पिळून, आकार देऊन, टेबलाच्या कडेला केस बाहेर राहतील असे आडवे ठेवते. ओले ब्रश पेल्यात उभे केले की पाणी नळीतच उतरतं. मैत्रिणीने मागितला तरी ब्रश देत नाही, मग ती रागावली तरी चालेल. जुन्या सेटमधला पंख्यासारखा ब्रश तेवढा टिकलाय, त्याने मी देवघरातली धूळ झाडते.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका हॉलमध्ये तसाच स्टॉल दिसला. पाटीवर नाव वेगळं, डबा तोच. मी म्हटलं, सील उघडून दाखवा. पोऱ्या म्हणाला, उघडलं तर घ्यावंच लागेल. शेजारी एक ताई उभ्या होत्या, त्यांना मी मराठीतच सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मनगटावर ब्रश आणखी एकदा फिरवून घेतला आणि फोन काढून क्यूआर स्कॅन केला.